नोंदवह्या अनेक, सत्य एक

बँकेतील शिल्लक, आगगाडीतील राखून ठेवलेली जागा, रुग्णालयातील तपासणीचा निकाल, किंबहुना विद्यार्थ्यांचे गुण, या सर्वांची नोंद आज बहुधा डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकावर पद्धतशीर रचलेल्या नोंदवहीत, केलेली असते. कागदी वही सायंकाळी कपाटात बंद करता येत असे. या नव्या वहीस मात्र रात्र नाही. ती सदैव उघडी असावी अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा किती कठीण आहे, ते साध्या गणिताने कळेल. सेवा शेकडा ९९.९ भाग वेळ चालू राहिली, तरी वर्षाकाठी ती सुमारे पावणेनऊ तास बंद राहते!

ही वही एकाच सर्व्हरवर ठेवली आणि ते यंत्र बिघडले, किंवा तेथील वीज गेली, तर सारा व्यवहार थांबेल. यास्तव तिच्या प्रती अनेक सर्व्हरांवर ठेवतात. अशा एकजुटीने काम करणाऱ्या यंत्रसमूहास क्लस्टर असे नाव आहे. सामान्यतः त्यांतील एक यंत्र प्रमुख असते. नवी नोंद प्रथम त्याच्याकडे होते आणि इतर यंत्रे ती उतरवून घेतात. प्रमुख बंद पडताच दुसऱ्याने त्याचे काम हाती घ्यावयाचे, अशी योजना असते.

येथवर युक्ती सोपी वाटते. परंतु प्रमुख बंद पडला हे इतरांनी ओळखावे कसे? यंत्रे थोड्या थोड्या वेळाने एकमेकांस 'मी आहे' अशी खूण पाठवितात. खूण आली नाही, तर प्रमुख बंद पडला असेल, किंवा केवळ मधला दुवा तुटला असेल. दूरच्या यंत्रास हा भेद कळत नाही. दुवा तुटलेला असता दुसऱ्या यंत्राने घाईने प्रमुखपद घेतले, तर एकाच वेळी दोन प्रमुख होतील आणि आगगाडीतील एकच जागा दोन प्रवाशांस दिली जाईल.

यावरील उपाय आपल्या परिचयाचा आहे. सभेत गणपूर्ती नसेल तर ठराव संमत होत नाही. त्याचप्रमाणे, निम्म्याहून अधिक यंत्रांची संमती असल्यावाचून कोणीही प्रमुख होऊ नये, असा नियम करतात. कोणतीही दोन बहुमते घेतली तरी निदान एक यंत्र दोहोंत सामाईक असते. म्हणून एकाच निवडीत दोघे निवडून येऊ शकत नाहीत. तीन यंत्रांपैकी एक, पाचांपैकी दोन बिघडली तरी काम चालते. चार यंत्रे ठेवली तर बहुमतास तीन लागतात, म्हणजे येथेही एकाचाच बिघाड सोसतो. विषम संख्या पसंत करण्याचे कारण हेच. लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९९८ साली प्रसिद्ध झालेली 'पॅक्सॉस' आणि ओंगारो व औस्टरहौट यांनी २०१४ साली मांडलेली 'राफ्ट' या कार्यपद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

तथापि प्रमुखाची निवड बिनचूक झाली, एवढ्याने भागत नाही. नोंद पक्की केव्हा मानावी, हा प्रश्न उरतोच. प्रमुखाने लिहिताक्षणी पक्की मानली, तर काम जलद होते. इतरांची पोच येईपर्यंत थांबले, तर विलंब होतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो; म्हणून ४,००० किलोमीटरवरील यंत्राची पोच येण्यास निदान एका सेकंदाचा पंचविसावा भाग लागणारच. एका नोंदीस हा विलंब क्षुल्लक असला, तरी एकामागून एक शेकडो नोंदी पाहावयाच्या असता तो जाणवू लागतो.

या प्रश्नाचे गांभीर्य गिटहब या संकेतस्थळावर २०१८ साली घडलेल्या घटनेवरून कळते. जगभरचे संगणकतज्ज्ञ तेथे आपल्या कामाची नोंद ठेवतात. २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेहमीच्या देखभालीचे काम चालू असता त्यांच्या मुख्य केंद्राचा जाळ्याशी असलेला संबंध तुटला आणि अवघ्या ४३ सेकंदांत तो पूर्ववत् झाला. तेवढ्यात व्यवस्थापक यंत्रांनी बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेस प्रमुख ठरविले. ही निवड नियमास धरूनच होती. परंतु पूर्वेकडे नुकत्याच झालेल्या काही नोंदी पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या. एका समूहात अशा नोंदी ९५४ होत्या. पुढे सुमारे ४० मिनिटे पश्चिमेकडेही नव्या नोंदी होत राहिल्या. आता कोणतीही एक वही घेतली, तरी दुसरीतील मजकूर गमावला असता!

तेथील अभियंत्यांनी सेवा तत्काळ सुरळीत करण्याचा मोह टाळला. आधी नोंदी सुरक्षित ठेवावयाच्या, असे त्यांनी ठरविले. काही सेवा त्यांनी जाणूनबुजून थांबविल्या. वेगळ्या जागी जपून ठेवलेल्या जुन्या प्रतींतून वह्या पुन्हा उभारल्या आणि पश्चिमेकडील नव्या नोंदी त्यांत उतरवून घेतल्या. पूर्वेकडे अडकलेल्या नोंदींची छाननी त्यानंतर करावयाची होती. ४३ सेकंदांच्या खंडामुळे सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. परंतु लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या नोंदी त्यांनी वाऱ्यावर सोडल्या नाहीत.

या घटनेपासून आपण काय घ्यावे? प्रती वाढविल्याने यंत्राच्या बिघाडापासून रक्षण होते. पण त्या प्रतींत एकवाक्यता नसेल, तर प्रत्येक प्रत निराळी साक्ष देऊ लागते. ज्या नोंदी गमावून चालणार नाही, त्यांना प्रमुखाच्या निवडीप्रमाणेच बहुमताची पोच हवी, आणि त्यापायी होणारा विलंब सोसावयास हवा. शिवाय एखादी नोंद चुकून पुसली, तर ते पुसणेही सर्व प्रतींत तत्परतेने उतरते. म्हणून जुनी प्रत अलग जपून ठेवणे कधीही सुटत नाही. वही सदैव उघडी असावी हे खरेच. परंतु उघड्या वहीत दोन परस्परविरोधी उत्तरे मिळण्यापेक्षा, ती घटकाभर मिटून खरे उत्तर शोधणे अधिक श्रेयस्कर होय.