अभ्यास-मंडळातील चर्चा कशी चालवावी?

ख्रिस्ती समाजात आठ-दहा माणसांनी कोणाच्या तरी घरी जमून बायबलातील एखादा उतारा वाचावा व त्यावर बोलावे, ही चाल जुनी आहे. परंतु पुष्कळदा या बैठकीचे प्रवचन होऊन बसते. चालक बोलतो, दोघे-तिघे माना डोलावतात आणि बाकीचे मनातले मनातच ठेवून घरी जातात. मी धर्माने मुसलमान. ख्रिस्ती सिद्धांत सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. पण प्रश्न विचारणे हा शिक्षकाचा रोजचा उद्योग असल्यामुळे त्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

छोट्या मंडळाचा इतिहास बोधप्रद आहे. इ. स. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी व सुमारे बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. वर्गणीसाठी घरोघर जाताना या प्रमुखांना माणसांची खरी स्थिती कळू लागली. पुढे प्रत्येक गट आठवड्यातून एकदा एकत्र जमू लागला. प्रमुखाचे काम विद्वत्ता दाखविणे हे नव्हते. प्रत्येकाची विचारपूस करणे हे होते. आपल्याकडेही फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणात श्रोते पाद्रीगुरूस शंका विचारतात आणि कथा पुढे चालते.

आता एक उदाहरण घेऊ. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो की, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या सांगत नाही. तो चोरांनी लुटलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतो आणि शेवटी शास्त्र्यालाच प्रश्न विचारतो. उत्तर त्यालाच द्यावे लागते. चालकाने हीच रीत उचलावी.

प्रश्नांच्या तीन पायऱ्या धराव्या. पहिली, उताऱ्यात काय आहे? वाटेने कोण कोण गेले? शोमरोनी माणसाने काय काय केले? ही उत्तरे पाहून देता येतात, म्हणून बुजरा माणूसही येथे तोंड उघडतो. दुसरी, याचा अर्थ काय? शास्त्री उत्तरात ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारीत नाही, ‘ज्याने दया केली तो’ एवढेच म्हणतो; असे का असावे? यहुदी व शोमरोनी यांचे वैर ठाऊक असले म्हणजे येथे चर्चा रंगते. तिसरी, मग आपण काय करावे? आपल्या आळीत आपण कोणाला टाळून पुढे जातो? याचे उत्तर चालकाच्या खिशात तयार नसते.

शाळेत आम्ही उत्तर ठाऊक असूनही प्रश्न विचारतो. मंडळात ही सवय बाहेर ठेवावी. ‘होय-नाही’त संपणारे प्रश्न टाळावे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. मनात सावकाश दहा अंक मोजावे. शांतता चालकाला जड वाटते, पण तेवढ्यात समोरचा विचार करीत असतो. कोणी चुकीचे बोलले तर लगेच खोडू नये; ‘हे उताऱ्यात कोठे दिसते?’ असे विचारून सर्वांस पुन्हा पुस्तकाकडे न्यावे. फार बोलणाऱ्यास ‘आपला मुद्दा चांगला आहे, आता इतरांचे ऐकू’ असे सौम्यपणे म्हणावे. गप्प बसलेल्यास सर्वांदेखत नाव घेऊन कोंडीत धरू नये. उतारा वाचण्याचे काम द्यावे.

भाषा सोपी असावी. पंडिता रमाबाईंनी सामान्य बायामाणसांना कळावे म्हणून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. अवघड शब्द आला की दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचावी.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. तिसऱ्या पायरीवर कोणी आपल्या घरचे दुःख बोलून दाखविते: मुलाचे व्यसन, भावाशी तुटलेला संबंध, नवऱ्याची गेलेली नोकरी. तेथे उपदेशाची घाई करू नये. ऐकावे, प्रार्थना करावी, आणि तो शब्द त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये. एकदा का तो पाणवठ्यावर पोहोचला, की ते माणूस पुढल्या आठवड्यास येईल; पण बोलणार नाही.