मानेवरचा ‘मळ’ आणि मुलांचे वजन

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. तक्रार वजनाची नव्हती. “डॉक्टर, याच्या मानेवरचा मळ काही केल्या निघत नाही हो. डाळीचं पीठ झालं, उटणं झालं, घासून घासून कातडी लाल झाली.” मुलगा मान खाली घालून उभा होता.

तो मळ नव्हता. मानेवर आणि काखेत उमटणाऱ्या अशा काळपट, मखमली, जाडसर त्वचेला अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले, की रक्तातील इन्सुलिन वाढते आणि त्याची खूण बहुधा अशी मानेवर दिसते. मुलाचे वजन ४४ किलो, उंची १३४ सेंटिमीटर, म्हणजे बी.एम.आय. सुमारे २४.५ होता. रात्री तो घोरत असे, हेही विचारल्यावर कळले.

मला अधिक अस्वस्थ केले ते त्याच्या जुन्या कार्डाने. हा मुलगा सर्दी-खोकल्यासाठी लहानपणापासून माझ्याकडेच येत होता. औषधाची मात्रा ठरविण्यासाठी मी दर खेपेस वजन लिहिले होते, उंची क्वचित. जे आकडे होते ते त्या दिवशी आलेखावर मांडले, तेव्हा जादा वजनाची रेषा त्याने सहाव्या वर्षीच ओलांडलेली दिसली. त्याच्या आईने त्या सुमारास मला विचारलेही होते. “वाढीचं वय आहे, उंची वाढली की आपोआप बारीक होईल,” असे सांगून मी त्यांची बोळवण केली होती. पुढे या कुटुंबाने मदत दुसरीकडे शोधली. झटपट वजन उतरविण्याची हमी देणाऱ्या एका केंद्रातून पावडरचे डबे आणले. दोन किलो उतरले आणि चार चढले.

आपल्या मुलांच्या बाबतीत असा उशीर अधिक महाग पडतो. त्याचे कारण समजून घ्यावयाचे तर पुण्याच्या संशोधनाकडे वळावे लागते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बाळे लहानखुरी, स्नायूंनी कमी. परंतु त्यांच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन, दोघांचाही बी.एम.आय. २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के! म्हणजे वरवर बेताचे दिसणारे भारतीय शरीरही आत चरबी बाळगून असू शकते. म्हणूनच डॉ. वामन खाडिलकर व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या आलेखांत (वय ५ ते १८) जादा वजनाची रेषा प्रौढांच्या २३ बी.एम.आय.शी आणि लठ्ठपणाची २७ शी जोडलेली आहे. पाश्चात्त्य आकडे लावून आपण निश्चिंत राहू नये.

मग विश्वासार्ह मदत ओळखावी कशी? पालकांना मी काही खुणा सांगतो.

पहिली : प्रथम उंची व वजन मोजून आलेखावर मांडले जाते. लठ्ठ मूल वयाच्या मानाने उंच असेल, तर कारण बहुधा आहार-विहारात असते. उंची खुंटली असेल, तर थायरॉईड व अन्य ग्रंथींची तपासणी हवी.

दुसरी : रक्तदाब, साखर, यकृत, घोरणे यांची चौकशी होते.

तिसरी : ठरावीक दिवसांत ठरावीक किलोंची हमी दिली जात नाही. वाढत्या मुलाचे वजन पुष्कळदा नुसते रोखून धरले, तरी वाढणारी उंची उरलेले काम करते.

चौथी : सल्ला देणाराच डबे विकत नाही. आहारतज्ज्ञ निवडताना शिक्षण विचारावे. भारतीय आहारशास्त्र संघटनेची ‘आर.डी.’ नोंदणी ही एक चांगली खूण होय. २०२५ मध्ये भारतात आलेल्या वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनांविषयी हल्ली पालक विचारतात. मुलांच्या बाबतीत तो विचार बालसंप्रेरकतज्ज्ञाविना करूच नये.

पाचवी : सल्ला एकट्या मुलाला न देता साऱ्या घराला दिला जातो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. ताटे बदलावयाची तर सर्वांचीच.

त्या घरात आम्ही तेच केले. इंदूरच्या माणसाला पोहे-जिलबी सोडा म्हणणे व्यर्थ. तो बेत रविवारपुरता ठरला आणि सराफ्याची फेरी महिन्यातून एकदा. शेवेचा डबा टेबलावरून फडताळात गेला. बाटलीबंद गोड पेय बंद झाले. त्याच्या पाव लिटरात सुमारे पाच चमचे साखर असते. उसळ, भाजी, ज्वारीची भाकरी रोजची झाली. जेवताना दूरदर्शन व मोबाईल बंद, संध्याकाळी तासभर मैदान. आजींना मी एवढेच विनविले, की मान घासू नका आणि त्याला कोणी ‘जाड्या’ म्हणू नका. दीड वर्षाने त्याची उंची १४३ आणि वजन ४५ किलो होते, बी.एम.आय. २२ वर आला. अजून खाली यावयास हवा; पण मानेवरचा काळेपणा पुसट झाला आहे आणि घोरणे थांबले आहे.

समव्यावसायिक मित्रांना एक विनंती. मूल ताप-खोकल्यासाठी आले, तरी वर्षातून एकदा त्याची उंची मोजा, आकडा आलेखावर टिंबाने मांडा आणि मानेकडे एक नजर टाका. याला दोन मिनिटे लागतात. आणि पालकहो, तुमच्या डॉक्टरांनी हे केले नाही, तर निःसंकोचपणे विचारा. मला एका आईने विचारले होते. तेव्हा मी ऐकावयास हवे होते.