जुन्या मोटारीला एलईडी इंडिकेटर : बल्बाआधी फ्लॅशर पाहा



कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी २००० च्या सुमारास बनायची बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरी या गाड्या जपणारे शौकीन आहेत आणि त्यांची वायरिंग सांभाळणारा कारागीर आपल्यातलाच आहे. गिऱ्हाईक म्हणते, इंडिकेटरला एलईडी बल्ब टाकून द्या. बल्ब दोन मिनिटांत बसतो, पण इंडिकेटर लुकलुकतच नाही. असे का होते?

हिशेब सोपा आहे. बॅटरी १२ व्होल्टची, साधा बल्ब २१ वॅटचा. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर करंट. जुन्या फ्लॅशरमधली पट्टी याच करंटने तापते, वाकते, करंट तुटतो. थंड झाली की पुन्हा जोडते. एलईडी बल्ब दोन-तीन वॅटचा. दोन्ही मिळून अर्ध्या अँपिअरवर जात नाहीत. एवढ्यावर पट्टी तापत नाही आणि दिवा नुसता जळत राहतो.

नंतरच्या काळातले काही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटे वागतात. बाणा तुटला की माग थांबून इशारा देतो, तसे ते करंट कमी दिसला की बल्ब गेला असे समजून भराभर लुकलुकतात.

उपाय दोन आहेत. पहिला, प्रत्येक एलईडीला समांतर ६ ओहमचा रेझिस्टर जोडणे. हा स्वस्त वाटतो. पण तो २४ वॅट खातो, इंजिन चालू असताना त्याहून जास्त. मग करंटची बचत कुठे राहिली? शिवाय तो सडकून तापतो. आपल्या धंद्यात डिकीत तागे, सूत, चिंध्या असतात. तिथे असा तापलेला रेझिस्टर म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरा उपाय, एलईडीसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे. त्याला बहुधा अर्थिंगची एक जादा वायर लागते, ती बॉडीच्या स्वच्छ धातूवर घट्ट कसावी. हाच मार्ग बरा.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. काही जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच छोटा दिवा दोन्ही वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. त्यातून करंट पलीकडे जाऊन चारही एलईडी लुकलुकतात. दोन्ही वायरींना एकेक डायोड लावून त्या दिव्याला द्याव्यात आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थ करावे.

२. एलईडीला प्लस-मायनस कळते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असे. आधी मीटर लावून खात्री करावी.

३. पिवळ्या काचेमागे पिवळाच एलईडी टाकावा. पांढऱ्याचा रंग फिका पडतो आणि दिवसा दिसत नाही.

४. होल्डर गंजला असेल तर तो आधी घासावा. खराब अर्थिंग एलईडीने सुधारत नाही.

काम संपल्यावर इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही वेळी, हेडलाइट लावून, मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. ६० ते १२० च्या दरम्यान हवे. मग भर उन्हात वीस पावले मागे जाऊन पाहावे. नाशिक हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण कुठे वळणार ते कळले पाहिजे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

शेवटी धंद्याची गोष्ट. भाव सांगताना बल्ब, फ्लॅशर आणि मजुरी एकत्रच सांगा. नुसत्या बल्बाचा भाव सांगून मागाहून पैसे वाढवले तर गिऱ्हाइकाचा भरवसा जातो, आणि भरवसा गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.