दुसऱ्या पोझिशनचा डेमो

दुकानदाराने मला फसवलं असं म्हटलं की आमच्या ऑर्केस्ट्रातले लोक हसतात. "जाऊ द्या की ओ सर, गिटार तर झकास दिसतीय." दिसते, खरं आहे. फिकट पोपटी रंग, पांढरी प्लेट, मॅपलचा नेक. पण दिसण्यासाठी सोलापूरहून पुण्याला जाऊन कोणी पैसे मोजत नाही. मी आवाजासाठी गेलो होतो आणि आवाजाबद्दल जे विचारायला हवं ते सगळं मी काउंटरवर उभं राहून विचारलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर जो तो मलाच शिकवायला आला.

माझ्या जुन्या गिटारला दोन हंबकर पिकअप आहेत. भरीव आवाज, लीडला उत्तम. 'दम मारो दम'ची सुरुवात तिच्यावर वाजवली की टाळ्या पडतात. (मूळ गाण्यात ती गिटार भूपिंदर सिंगांची. गझल गायक म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही.) पण अंतऱ्यामागची हलकी, टणटणीत ऱ्हिदम वाजवायला घेतली की कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत ती सापडतच नाही. म्हणून दुसरी हवी होती, तीन सिंगल कॉइलवाली. फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हापासून जगभर ज्या ढंगाच्या नकला होत आल्या आहेत, तसली एखादी.

सिंगल कॉइलचा दोष जगजाहीर आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. पण वेढ्यांना गिटारची तार कुठली आणि शेजारच्या मोटारीचं चुंबकत्व कुठलं हे कळत नाही; दुसरंही घूं होऊन अॅम्पमधून बाहेर येतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, घूंमध्ये तिची दुप्पट १००ही असते. सगळ्यात जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी सूर लागतो तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे ही घूं सतत जीच्या जराशी वर, बेसूर अशी कानात बसते. जी मेजरमधलं गाणं असेल तर विचारूच नका. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला: दोन कॉइल शेजारी शेजारी, वेढे उलटे, चुंबकही उलटे. तारेचा आवाज जमा होतो, बाहेरची घूं वजा होते. १९५७ पासून तो हंबकर गिटारींवर बसायला लागला.

मी पूर्व भागात राहतो. खालच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच केला: "मोटारींच्या मध्ये राहतो मी, घूं किती येईल?" डेमो देणारा मुलगा म्हणाला, "सर, अमेरिकन अल्निको पिकअप आहेत. एकदम सायलेंट." अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा चुंबक, त्याचा आणि गप्प बसण्याचा काडीचाही संबंध नाही. तसं मी बोललोही. तो गोड हसला आणि म्हणाला, "ऐका ना मग." ऐकलं. खरंच चिडीचूप. सोबतच्या मित्राने मोबाइलवर शूटिंगही केलं.

घरी आणून अॅम्पला लावली आणि भिंतीतून भुंगा निघाल्यासारखं झालं. केबल बदलली, सॉकेट बदललं, ट्यूबलाइट बंद केली. माझी जुनी गिटार त्याच अॅम्पवर, त्याच खुर्चीत बसून वाजवली; गप्प. दुकानात फोन केला. "सर, तुमच्याकडची लाइट खराब असेल. छोट्या गावांमध्ये अर्थिंगचा प्रॉब्लेम असतो." छोटं गाव! जुनी गिटार ह्याच लाइटवर शांत आहे हे सांगितलं, तर म्हणाला की अॅम्प स्वस्तातला असेल. पुढच्या वेळी फोन दुसऱ्याने घेतला आणि "ते सर बाहेर गेलेत" हे वाक्य मला पाठ झालं.

मग एका रात्री मित्राचं ते शूटिंग बघत बसलो होतो. वाजवणं बघत होतो, हात बघितला नव्हता. त्या मुलाची करंगळी पूर्ण वेळ पिकअप निवडायच्या पाच पोझिशनच्या स्विचपाशी. स्विच ब्रिजकडून दुसऱ्या पोझिशनवर, मग पटकन चौथ्यावर, परत दुसऱ्यावर. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्यावर वाजवताना तो तारा सोडतच नव्हता, एका सुरातून दुसऱ्यात. आणि थांबायच्या आधी स्विच पुन्हा दुसऱ्यावर. आजच्या बहुतेक सेटमध्ये मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा असतो. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, जिथे दोन पिकअप एकत्र बोलतात, तिथे ते हंबकरसारखी घूं खाऊन टाकतात. म्हणजे शांतता होती ती फक्त त्या दोन ठिकाणी, आणि बरोबर तिथेच तो थांबत होता. एवढं करूनही गिटार थेट अॅम्पला नव्हतीच. खाली इफेक्ट्सचा प्रोसेसर होता आणि त्याच्या पडद्यावर नॉइज गेट चालू दिसत होता. वाजवणं थांबलं की गेट दार लावून घेतं, घूं आतच. मी तेव्हा प्रोसेसर काढायला सांगितलं होतं. "अॅम्पचं इनपुट सर्व्हिसला द्यायचंय सर, डायरेक्ट खरखरतं," असं उत्तर मिळालं होतं. शूटिंगमध्ये तेही ऐकू येतं.

राहिलं अमेरिकन अल्निको. प्लेट उघडून पिकअप घेतला आणि आमच्या भागात मागाच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली नव्हती. मल्टिमीटर लावून म्हणाले, कॉइल धड आहे, सहा हजार ओहमच्या आसपास. मग पिकअप उलटा केला, खाली चिकटवलेल्या काळ्या पट्टीवर नख मारलं आणि म्हणाले, "चुंबक ही पट्टी हाय ओ सर. वरच्या सहा कांड्या साध्या लोखंडाच्या हायेत." अल्निकोच्या सिंगल कॉइलमध्ये सहसा त्या कांड्याच चुंबक असतात, खाली सिरॅमिकची पट्टी आणि वर लोखंड ही स्वस्तातली रीत. सिरॅमिक वाईट नसतं, कितीतरी चांगले पिकअप त्याचे आहेत. पण मला जे सांगून विकलं ते हे नव्हतं. आणि लक्षात घ्या, मल्टिमीटरचा आकडा दोन्हीकडे सारखाच येऊ शकतो. विक्रेते तो आकडा फुशारकीने सांगतात. त्यावरून आवाज कळत नाही.

तेव्हा दुसरी गिटार घेणाऱ्यांनो, आधी आपली जुनी गिटार बरोबर न्या. ओझं होतं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये लोक पाय देतात, तरी न्या. तुलना करायला ओळखीचा एक आवाज लागतोच. दोन्ही एकाच अॅम्पला, एकाच केबलने, मध्ये काहीही न ठेवता लावा. दोन्हींचा आवाज कानाला सारखा मोठा करून घ्या, कारण जी जरा मोठी वाजते ती माणसाला चांगली वाटते, आणि हे विकणाऱ्याला तुमच्याहून जास्त माहीत असतं. कधी कधी विकायच्या गिटारचे पिकअप स्क्रू फिरवून तारांच्या अगदी जवळ आणलेले असतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून फट बघा. सिंगल कॉइलला दोनेक मिलिमीटर हवी. फार जवळ असेल तर चुंबक जाड तारेला ओढतो आणि वरचे सूर डुगडुगतात. तारा नव्या की जुन्या तेही बघा. एकीला करकरीत तारा आणि दुसरीला गंजक्या, ही कसली तुलना?

पाचही पोझिशनवर वाजवून थांबा. वाजवू नका, थांबा. गेन वाढवा आणि गिटार हातात धरून जागच्या जागी फिरा. दिशेप्रमाणे घूं कमी-जास्त झाली तर ती पिकअपची. तारांना हात लावल्यावर कमी झाली तर दोष शिल्डिंगचा असू शकतो, तो थोड्या खर्चात सुधारतो. हात लावल्यावर वाढली तर वायरिंग उलटं आहे किंवा अर्थिंग गेलंय. मंडपात जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. तारांवर हात आणि ओठ माइकला, असा झटका मी डोळ्यांनी पाहिला आहे.

सोलापूरकरांसाठी वेगळं: मुंबईच्या दमट हवेत राहिलेली गिटार आपल्या मे महिन्यात येते तेव्हा नेकचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहात खरवडतात. पावसाळ्यात घेतलीत तर उन्हाळ्यात एकदा सेटअपचा खर्च धरून चला. बाकी बजेट ठरवून जा, घाई करू नका वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

मिरजेला सतारीची जवारी तुमच्यासमोर काढतात. घासताना आवाज कसा उघडत जातो ते ऐकता येतं. इलेक्ट्रिक गिटारचा निम्मा आवाज प्लेटखाली झाकलेला असतो. म्हणून सेकंडहँड असेल तर प्लेट उघडून दाखवायला सांगा, नवी असेल तर पिकअपची कंपनी आणि मॉडेल बिलावर लिहून मागा. मीही मागितलं होतं. "सर, बिलावर तसं लिहीत नाहीत," म्हणाले. का लिहीत नाहीत ते आता कळतं.

गिटार मी परत केली नाही, घेणारच नव्हते. तिच्यात एकाखाली एक कॉइल असलेले, घूं खाणारे पिकअप बसवले. बाहेरून सिंगल कॉइलच दिसतात. वायरचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, तेव्हा कंपनीचा आराखडा हातात असल्याशिवाय सोल्डरिंगला बसू नका. आता त्याच गल्लीत, माग चालू असताना ती शांत आहे. परवा त्याच दुकानातल्या त्याच मुलाचा फोन आला. "सर, तुमचा स्टेटस बघितला, मस्त वाजते की! कुठले पिकअप टाकले? आमच्याकडे एक कस्टमर तक्रार करतोय."

सांगितलं नाही. कस्टमरचा नंबर मात्र मागितला.