अर्जापूर्वी किती आवारे पाहावीत?

तृतीय वर्षाचे वर्ग सुरू झाले की आपल्या महाविद्यालयात एकच चर्चा सुरू होते : पुढे काय? ज्यांना बी.एड. करायचे असते त्यांची वाट ठरलेली असते. एम.ए.ला जाऊ इच्छिणाऱ्या आम्हा पाचसहा जणींपुढे मात्र यंदा एक निराळाच प्रश्न उभा राहिला. अर्ज कोठे करायचा हे ठरविण्यापूर्वी किती विद्यापीठे प्रत्यक्ष जाऊन पाहावीत? एक मैत्रीण म्हणाली, "निदान पाच." दुसरी म्हणाली, "एकही नको, सगळे मोबाईलवर दिसते." माझ्या घरी हा प्रश्न पैशाचा होता, म्हणून मी तो अर्थशास्त्राच्या वहीत उतरविला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वहीचा हिशेब होय.

आमचे घर वडिलांच्या दोन एकर जिरायत शेतीवर आणि आईच्या शिवणयंत्रावर चालते. परगावी मी एकटीने जायचे नाही, आईने बरोबर यायचे, हे घरात न बोलता ठरलेले होते. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आहे. त्यामुळे दोघींचा प्रवास एका तिकिटात होतो आणि प्रथमदर्शनी खर्च अगदी किरकोळ दिसतो. परंतु आपल्या पाठ्यपुस्तकातील संधित्याग-खर्चाची कल्पना मला खऱ्या अर्थाने समजली ती इथे. आई ज्या दिवशी माझ्याबरोबर येणार त्या दिवशी यंत्र बंद. लग्नसराईत एका दिवसाचे ब्लाऊज राहिले तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाते आणि ते बहुधा परत येत नाही. तिकीट अर्धे झाले, पण दिवस काही अर्धा झाला नाही.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या लेखात केला. (स्टिग्लरला १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.) त्याच्यापुढे विद्यापीठे नव्हती, तर शिकागोतील शेव्हरलेट मोटारींचे भाव होते. एकाच मोटारीचा भाव दुकानागणिक वेगळा असतो, मग गिऱ्हाइकाने किती दुकाने फिरावीत? त्याचे उत्तर सोपे आहे. आणखी एक दुकान पाहण्याने होणारा अपेक्षित फायदा त्या फेरीच्या खर्चाइतका होईल तोवर फिरावे, पुढे थांबावे.

आता हे आकड्यांत पाहू. समजा, प्रत्येक विद्यापीठाला आपण आपल्या गरजेप्रमाणे शंभरपैकी गुण देणार आहोत आणि शून्य ते शंभर यांपैकी कोणताही गुण सारखाच संभवनीय आहे. एकच विद्यापीठ पाहिले तर त्याचे अपेक्षित गुण ५०. दोन पाहून त्यांतले चांगले निवडले तर सुमारे ६७. तिनांतील सर्वोत्तमाचे ७५, चारांतील ८०, पाचांतील ८३. म्हणजे दुसऱ्या फेरीने १७ गुण वाढतात, तिसरीने ८, चौथीने ५ आणि पाचवीने जेमतेम ३. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त आपण प्रथम वर्षात आंब्यांवर शिकलो, तो इथे एस.टी.च्या फेऱ्यांवर दिसतो. "निदान पाच" म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी हा तक्ता दाखविला तेव्हा ती म्हणाली, "तीन गुणांनीसुद्धा नंबर जातो." तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तिच्या वडिलांची जीप आहे, तेव्हा तिच्यासाठी पाच हे उत्तर बरोबर असू शकेल. एकच सिद्धान्त दोन घरांत दोन उत्तरे देतो.

वर्गातील एका मित्राने मोबाईलवर आणखी एक नियम शोधून काढला. जेवढी पाहायची त्यांपैकी पहिली ३७ टक्के नुसती पाहून सोडून द्यावीत आणि त्यानंतर त्या सर्वांहून सरस असे जे पहिले दिसेल ते घ्यावे. गणित म्हणून नियम खरा आहे, पण त्यात एकदा नाकारलेल्याकडे परत जाता येत नाही अशी अट आहे. विद्यापीठ नाकारले म्हणून ते कोठे जात नाही, अर्जाची मुदत संपेपर्यंत ते जागच्या जागी असते. आईला हा नियम सांगितला तेव्हा ती यंत्रावरून मान न उचलता म्हणाली, "अगं, स्थळं बघायला निघालोय का आपण?" तिच्या बोलण्यात त्या गणिताची सगळी चूक आली.

तर आम्ही ऑगस्टमध्ये प्रथम कोल्हापूरला गेलो. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ सालची. आमच्या पदवीपत्रावर ज्याचे नाव छापले जाणार ते हेच विद्यापीठ, आणि तीन वर्षांत आमच्यापैकी एकीनेही ते पाहिले नव्हते. पाऊस असा होता की छत्री असून नसल्यासारखी. अर्थशास्त्र विभागात चौकशी करून आम्ही बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात गेलो आणि पावसामुळे तिथेच अडकलो. मी प्रश्नांची यादी नेली होती : फी किती, जागा किती, ग्रंथालय किती मोठे. यांतले एकही उत्तर तिथे जाऊन मिळवायची गरज नव्हती, सगळे माहितीपत्रकात होते. पायऱ्यांवर पाऊस उघडायची वाट पाहत उभी असलेली एम.ए. भाग दोनची एक मुलगी म्हणाली, "ताई, हे विचारू नका. माहितीपत्रकात ऐच्छिक पेपर पुष्कळ असतात, त्यांतले यंदा प्रत्यक्ष कोणते शिकवतात ते विचारा. वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर किती दिवसांनी लागते आणि तोवर बाहेरगावच्या मुली राहतात कुठे, ते विचारा." कोणत्याही विद्यापीठात विचारावेत असे हे प्रश्न मला तिथे मिळाले. म्हणूनच माझे मत असे की पहिली फेरी निवडीसाठी नसतेच, ती प्रश्न शिकण्यासाठी असते. ती सर्वांत जवळच्या ठिकाणी करावी, मग तिथे अर्ज करायचा असो वा नसो. स्टिग्लरच्या हिशेबात प्रत्येक फेरी सारखीच डोळस असते. प्रत्यक्षात पहिली फेरी आंधळी आणि दुसरी डोळस असते.

दुसरी फेरी जानेवारीत पुण्याची झाली. मावशीकडे मुक्काम असल्याने एका फेरीत दोन आवारे पाहता आली. गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठ (स्थापना १९४९, आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) आणि डेक्कन जिमखान्याजवळची, १९३० साली स्थापन झालेली गोखले संस्था. विद्यापीठाची मुख्य इमारत एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होती. आभाळ निरभ्र होते, मोठाल्या झाडांखाली मुलेमुली गप्पा मारीत बसली होती, आणि मी वहीत लिहिले, "इथे अभ्यासापेक्षा फिरणेच जास्त होईल." कोल्हापूरच्या पानावर मी लिहिले होते, "इथे मन लागेल."

यानंतर एक गोष्ट वाचनात आली आणि माझ्या दोन्ही शेऱ्यांवरचा माझा विश्वास उडाला. अमेरिकेत बारावीनंतरची मुले प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयांची आवारे पाहत हिंडतात, तिथला तो रिवाजच आहे. उरी सायमनसोन या संशोधकाने २०१० साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये अशा १,२८४ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सर्व मुले एकाच विद्यापीठाला भेट देणारी होती, आणि ते विद्यापीठ अभ्यासासाठी नावाजलेले, करमणुकीच्या बाबतीत मात्र उणे. भेटीच्या दिवशी आभाळ किती भरलेले होते एवढेच त्याने पाहिले. ढगांचे आच्छादन एका प्रमाण विचलनाने वाढले की त्या विद्यार्थ्याने तिथे प्रवेश घेण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या घरांनी वाढलेली आढळली! कारणही समजण्याजोगे आहे. मळभ असले की बाहेर हिंडण्याची ओढ कमी होते, पुस्तकात डोके घालून बसणे सुसह्य वाटते, आणि पुढची सगळी वर्षे आपल्याला असेच वाटत राहील अशी मनाची समजूत होते.

मी वही पुन्हा उघडली. कोल्हापूरला पाऊस, म्हणून ग्रंथालयात दोन तास. पुण्याला ऊन, म्हणून झाडाखालच्या गप्पा. मी विद्यापीठांना गुण देत होते की आभाळाला? ही शंका काही केल्या जाईना, कारण दोन वर्षे आणि आईचे कितीतरी ब्लाऊज या गुणांवर लागायचे होते. अशा वेळी मन म्हणते, आणखी एक आवार पाहू, म्हणजे खात्री होईल. परंतु तिसऱ्या गावालाही आभाळ असतेच. फेऱ्यांची संख्या वाढवून हा दोष जात नाही, कारण प्रत्येक ठिकाणचा आपण एकच दिवस पाहिलेला असतो.

तेव्हा मी दोन्ही शेऱ्यांवर काट मारली आणि आभाळावर अवलंबून नसलेली उत्तरेच तेवढी ठेवली. यंदा शिकविले जाणारे पेपर, वसतिगृहाची यादी, रात्री ग्रंथालयापासून खोलीपर्यंत चालायचे अंतर, खानावळीचा महिन्याचा खर्च. जिथे उत्तर अर्धवट होते तिथे तिथल्या विद्यार्थिनींना फोन केला, त्याला ना तिकीट लागले ना आईचा दिवस. या उत्तरांनी क्रम बदलला. माझ्या आवडीचा कृषी अर्थशास्त्राचा पेपर प्रत्यक्ष कोठे शिकवतात हे कळले, आणि ते माझ्या काट मारलेल्या शेऱ्यांच्या नेमके उलट निघाले. कोठे ते इथे लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी ते बदलेल आणि हा अंक ग्रंथालयात राहील.

मुंबईची फेरी राहिली होती. आईने त्यासाठी डब्यात पैसे बाजूला ठेवले होते. मी स्वतःला एकच प्रश्न विचारला : मुंबईला काहीही दिसले तरी माझ्या अर्जांच्या यादीत फरक पडेल का? तिथे राहण्याचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, हे न जाताच ठाऊक होते. आवार कितीही आवडले असते तरी अर्ज केला नसता.

अर्ज अजून निघायचे आहेत. मी दोन ठिकाणी करणार आहे. डब्यातले पैसे प्रवेशपरीक्षांच्या फीला ठेवले आहेत. आईला सांगितले तेव्हा तिने विचारले, "म्हणजे आता कुठं जायचं न्हाई न्हवं?" आणि कॅलेंडरवर त्या दिवसापुढे पेन्सिलीने दोन ब्लाऊज लिहून टाकले.