गोळी चालू आहे, तरी साखर का वाढते?



"गोळी रोज घेतो, गोडही सोडलंय, तरी साखर जास्तच!" ही तक्रार स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येते. मग कोणी स्वतःच गोळी वाढवतो, कोणी बंद करून काढा सुरू करतो. दोन्ही धोक्याचे. आधी कारण शोधू या.

१. आहार : साखर फक्त गोडातूनच येत नाही. भात, पोहे, बटाटा यांतल्या स्टार्चचीही पोटात साखरच होते. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ नुसता स्टार्च! भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर साखर वाढणारच.

२. गोळीची वेळ : काही गोळ्या जेवणाआधी, काही जेवणासोबत घ्यायच्या असतात. सकाळच्या शाळेच्या घाईत हेच चुकते. राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

३. इन्सुलिन : रोज एकाच जागी टोचले तर तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषले जात नाही. जागा बदलत राहा.

४. इतर कारणे : हिरड्यांचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, अपुरी झोप, ताण, स्टेरॉइडची औषधे.

५. आजाराचा स्वभाव : टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. म्हणून जुना डोस पुरेनासा होतो. यात रुग्णाचा दोष नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले तर ती शिक्षा समजू नका.

उपक्रम : सात दिवसांची वही करा. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, काय खाल्ले, गोळी कधी घेतली, किती चाललो, असे रकाने आखा. नोंदी घरातल्या मुलांना लिहू द्या. गणितही होईल, आजी-आजोबांची काळजीही. ही वही आणि एचबीए१सीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. या तपासणीत साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. बऱ्याच जणांसाठी ती ७ टक्क्यांच्या आत हवी. वृद्धांसाठी डॉक्टर थोडी सूट देतात.

लक्षात ठेवा : साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर लगेच दवाखाना गाठा. उलट घाम, थरथर आणि साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका.

वहीचे पहिले पान आजच आखा.