हाताच्या चटक्यावर दूध पारखू नकोस

अगं, लग्नसराईत कॉफीचं मशीन चालवायला घेणार आहेस हे आईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, पार अंबडपर्यंत, तुळशीचं लग्न लागलं की मांडवच मांडव. थंडीतल्या रात्री जेवणापेक्षा कॉफीच्या टेबलाशी जास्त गर्दी असते. कपावर फेस, फेसावर चॉकलेट पावडरीची चिमूट, आणि मोठी माणसंसुद्धा लहान पोरांसारखी रांगेत उभी. धंदा चालेल, त्याची मला शंका नाही. मला काळजी तुझ्या हातांची आहे. म्हणून आज पैशाचं काही बोलत नाही. ज्या स्टीलच्या भांड्यात तू वाफ सोडून दूध फेसाळणार, त्याचंच बोलू. कॅफेच्या काउंटरवर आम्ही त्याला पिचर म्हणतो.

तू म्हणशील, "ताई, तव्यावरची भाकरी मी हाताने उलटते, मला काय होतंय." माझी काळजी नेमकी तिथेच आहे, बाई. कॅफेत नव्या पोरांना शिकवतात की पिचरला तळहात लावून ठेवायचा आणि हात ठेववेनासा झाला की वाफ बंद करायची. ज्याचा हात मऊ आहे त्याला दूध साठ अंशाच्या आसपास आल्याचं त्यातून कळतं. तुझा हात भाकरीने, चुलीने तयार झालेला. तुला चटका जाणवेपर्यंत दूध सत्तरच्या पुढे गेलेलं असणार. शिवाय पौषातल्या रात्री बोटं गारठलेली असली की तोच हात वेगळं सांगतो आणि मे महिन्यातल्या दुपारी वेगळंच सांगतो. हाताचा अंदाज रोज बदलतो आणि दुधाला ते चालत नाही.

आता आकडे ऐक, पाठच कर. दूध फ्रीजमधून निघतं तेव्हा 4–5 अंश सेल्सिअस. वाफ सोडल्यावर हवा आत घ्यायची ती दूध अंगाएवढं कोमट, म्हणजे साधारण 37 अंशाला येईपर्यंतच. त्यानंतर वाफेच्या नळीचं तोंड थोडं आत बुडवायचं, दूध गरगर फिरू द्यायचं आणि 60 ते 65 च्या मध्ये थांबायचं. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. दूध 70 च्या पलीकडे गेलं की ती बिघडायला लागतात, फेस मोठ्या बुडबुड्यांचा होऊन बसतो, गोडी जाते आणि करपट वास येतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वाफ दुधात शिरते ती पाणी होऊन तिथेच राहते. 200 मिली गार दूध 60 पर्यंत नेताना त्यात सतरा-अठरा ग्रॅम तरी पाणी मिसळतं. जितकं जास्त तापवशील तितकं दूध पातळ होणार, म्हणजे महागाचं दूध घेऊन आपणच त्यात पाणी घातल्यासारखं.

तुझ्या कातडीचे आकडे यापेक्षा महत्त्वाचे आहेत. 60 अंशाचा द्रव पदार्थ अंगावर पाच सेकंद राहिला तर मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजते. 70 ला एक सेकंद पुरतो. लेकरांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ लागतो. वाफ तर सगळ्यांत वाईट. उकळतं पाणी हातावर पडलं तर ते निवताना उष्णता देतं, पण वाफ आधी कातडीवर पाणी होते आणि तेवढ्यानेच ग्रॅममागे 540 कॅलरी उष्णता सोडते. म्हणून वाफेच्या नळीसमोरून हात कधीच न्यायचा नाही, मशीन बंद दिसलं तरी.

थर्मामीटर घे. पिचरच्या काठाला चिमट्याने अडकवायचा, घड्याळासारखी तबकडी असलेला मिळतो, तो पुरे. त्याची दांडी दुधात नीट बुडलेली हवी आणि टोक तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर तो स्टीलचं तापमान सांगतो. त्याचा काटा दुधाच्या मागे मागे चालतो हे लक्षात ठेव. काटा 55–58 वर आला की वाफ बंद कर. उरलेले अंश तो नंतर आपोआप चढतो. दर आठवड्याला एका भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन त्यात बुडवून बघ, शून्य दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर बहुतेकांच्या तबकडीमागे एक नट असतो, तो फिरवून काटा जागेवर आणता येतो. पिचरला बाहेरून चिकटवायच्या, रंग बदलणाऱ्या पट्ट्याही येतात. ती पट्टी दुधाच्या पातळीच्या खाली, मुठीपासून लांब लावायची. गर्दीत ती लांबूनही दिसते, एवढं तिचं चांगलं. पण घासून धुतली की खराब होते, म्हणून मी तबकडीच्या बाजूने आहे.

पिचर अर्ध्याहून जास्त भरू नकोस. दूध फुगतं आणि काठोकाठ भरलेल्या पिचरमधलं दूध आधी तुझ्याच मनगटावर येतं. मूठ हलत असेल तर ते पिचर बाजूला ठेव, चालवून घेऊ नकोस. नळी दुधात असतानाच वाफ बंद करायची आणि मगच पिचर खाली घ्यायचं. उलट केलंस तर गरम दूध तोंडावर उडेल. दुधात घालण्याआधी आणि काढल्यावर नळीतून एक झोत मोकळा सोडायचा, तोंड ट्रेकडे करून. फडकी दोन ठेव, वेगवेगळ्या रंगांची. ओलं फक्त नळी पुसायला, कोरडं पिचर धरायला. ओल्या फडक्याने तापलेलं स्टील धरलं की उष्णता झटकन हातापर्यंत येते. बांगड्या काढून ठेव, पदर-ओढणी खोचून घे. लग्नात नटून उभं राहावंसं वाटतं, कळतं मला. तरी काढ.

आपल्याकडे दूध घरच्या म्हशीचं किंवा रतिबाचं असतं आणि इथे मला तुला अगदी हात धरून सांगायचंय. फेसाळताना दूध 60–65 ला जातं ते क्षणभर. पाश्चरायझेशनला 63 अंशावर अर्धा तास लागतो, नाहीतर 72 वर 15 सेकंद. म्हणजे कच्चं दूध वाफेने तापवून कपात ओतलं तर ते निर्जंतुक झालेलं नसतं. सुटं दूध आधी नीट उकळ, साय काढ, पातेलं गार पाण्यात ठेवून लवकर निवव आणि मग फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेव. मांडवात मेच्या उन्हात ते टेबलाखाली ठेवायचं नाही. एकदा फेसाळलेलं उरलं तर पुन्हा वाफ द्यायची नाही. पिचर गार पाण्याने विसळूनच नवं दूध घ्यायचं.

लोक "कडक पाहिजे" म्हणणारच. आपल्याला दूध उतू जाईपर्यंत तापलेलं पाहायची सवय. त्यांच्यासाठी दूध करपवण्यापेक्षा कप आधी गरम पाण्याने तापवून घे, कॉफी टिकून गरम राहते. कागदी कप असेल तर दोन एकात एक घाल आणि लहान मुलांच्या हातात थेट देऊ नकोस, सोबतच्या मोठ्या माणसाला दे. जांब समर्थला रामनवमीच्या गर्दीत टेबल लावलंस तर मशीनभोवती दोरी बांध. पोरं चकचकीत वस्तूला हात लावतातच.

मशीनच्या टाकीबद्दल थोडंच, पण ठाम सांगते. आत दाब असतो. दाब 1 बार चढला की वाफ 120 अंशाची असते. सेफ्टी व्हॉल्व्हला दोरी, खडा, वायसर काहीही लावू द्यायचं नाही आणि दाब उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार व्हॉल्व्हमध्ये आणि नळीच्या भोकांत बसतात, म्हणून गाळलेलं गोडं पाणी वापर. मशीन जुनं घेत असशील तर व्हॉल्व्ह नवा बसवून घे, विकणारा कितीही ओळखीचा असो.

भाजलंच तर आधी बांगडी-अंगठी काढ आणि वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धर. वीस म्हणजे वीस, गिऱ्हाईक थांबेल. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप काही लावायचं नाही, फोड फोडायचा नाही, स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकायचं. तळहाताएवढं भाजलं असेल किंवा चेहऱ्यावर, बोटांच्या सांध्यांवर असेल तर घरी बसू नकोस, दवाखान्यात जा. रुग्णवाहिकेचा नंबर 108.

पहिली सुपारी घेण्याआधी थर्मामीटर आण, व्हॉल्व्ह तपासून घे आणि मला फोन कर. आणि टेबलाजवळ पाण्याचा नळ किंवा भरलेली टाकी नसेल तिथे मशीन लावू नकोस, मांडवाच्या मालकाने कितीही आग्रह केला तरी.